नव्या करारातील ग्रीक पदक्रम : योहानाच्या शुभवर्तमानातील एक विधान

ग्रीक ही विभक्तिप्रत्ययांनी समृद्ध भाषा होय. कर्ता कोणता व कर्म कोणते हे पदाच्या स्थानावरून नव्हे, तर प्रत्ययावरून कळते; संस्कृत जाणणाऱ्यास यात नवल वाटणार नाही. अर्थात पदक्रम मोकळा असला तरी तो निर्हेतुक नसतो. शुभवर्तमानांतील कथनात क्रियापद अनेकदा आरंभी येते. 'दे', 'गार' ही अव्यये वाक्यारंभी कधीच येत नाहीत.

खरी अडचण 'अमुक हा तमुक होता' अशा वाक्यात उद्भवते. तेथे उद्देश्य व विधेय ही दोन्ही पदे प्रथमा विभक्तीतच असतात. अशा वेळी निर्णय बहुधा उपपदावरून होतो: ज्या नामास निश्चित उपपद लागलेले असते ते उद्देश्य. योहानाच्या पहिल्याच वचनातील तिसरे विधान या प्रकारचे आहे. त्यात 'थेऑस' (देव) हे पद उपपदाविना आरंभी, नंतर क्रियापद व शेवटी सोपपद 'लोगोस' (शब्द) अशी रचना आहे. लोगोस हे उद्देश्य, याविषयी वाद नाही. वाद आहे तो निरुपपद 'थेऑस'चा. ते अनिश्चित समजावे, निश्चित समजावे की गुणवाचक? इ.स. ३२५ च्या निकाया परिषदेपुढे ख्रिस्ताच्या देवत्वाचा जो प्रश्न होता, त्याच्याशी हे व्याकरण थेट भिडते. 'न्यू वर्ल्ड ट्रान्सलेशन'ने (१९५०) ते अनिश्चित मानून 'एक देव' या अर्थाचे भाषांतर केले.

ई. सी. कोलवेल यांनी १९३३ मध्ये असा नियम मांडला की, क्रियापदापूर्वी येणारे निश्चित विधेयनाम सामान्यतः उपपद घेत नाही. अनेकांनी तो उलटा वाचला आणि क्रियापदापूर्वीचे निरुपपद नाम निश्चितच असते, असे धरले. ही तर्काची चूक होय. नियमाचा आरंभच निश्चित ठरलेल्या नामांपासून होतो. त्यावरून एवढेच सिद्ध होते की उपपद नसल्याने निश्चितार्थ बाद होत नाही. फिलिप हार्नर यांनी १९७३ मध्ये अशी विधेये प्रामुख्याने गुणवाचक असतात, असे प्रतिपादन केले. येथे हेच अधिक ग्राह्य वाटते. दोन्ही नामे सोपपद असती तर ती परस्परांशी एकरूप ठरली असती. परंतु लगतच्या आधीच्या विधानात तर लोगोस देवासमवेत असल्याचे, म्हणजे भेदाचे, सूचन आहे.

मराठीत निश्चित उपपद नाही आणि क्रियापद स्वभावतः शेवटी येते. त्यामुळे श्रीरामपूर येथे १८११ मध्ये छापलेल्या विल्यम कॅरी यांच्या नव्या करारापासून, मूळ भाषांवरून केलेल्या व १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पंडिता रमाबाईंच्या बायबलपर्यंत प्रत्येक अनुवादकापुढे हा पेच उभा असणारच. ग्रीकमध्ये विधेय आरंभी आणून साधलेला जोर मराठीत 'च' या अव्ययाने आणता येतो. मात्र ते कोठे जोडावे, हा प्रश्न उरतो. 'राम हाच राजा होता' यात एकरूपता आहे, 'राम राजाच होता' यात गुण आहे. हार्नर यांचे मत स्वीकारल्यास 'च' विधेयालाच जोडावा लागेल.