कंपायलरची तक्रार मिटवण्यापूर्वी

मांजरी बुद्रुकमध्ये ऊस व साखर संशोधनासाठी १९७५ मध्ये स्थापन झालेली वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे आणि शेजारीच हडपसर-मगरपट्ट्यातील संगणक कंपन्या. तेव्हा जावा शिकू लागलेल्या येथील विद्यार्थ्यासाठी उदाहरणही उसाचेच घेतलेले बरे.

समजा, कारखान्याच्या वजनकाट्यासाठी प्रोग्रॅम लिहायचा आहे. 'गाडी' हा क्लास आणि प्रत्येक गाडीचे 'वजन' वेगळे. विद्यार्थी 'मेन' मेथडमध्ये थेट 'वजन' वापरतो आणि कंपायलर अडवतो: स्टॅटिक नसलेले व्हेरिएबल स्टॅटिक मेथडमधून वापरता येत नाही. 'मेन' ही स्टॅटिक मेथड. ती सुरू होते तेव्हा क्लास असतो. पण एकही गाडी, म्हणजे ऑब्जेक्ट, अस्तित्वात आलेली नसते. मग वजन कोणत्या गाडीचे?

बहुतेक नवशिके येथे 'वजन'च्या आधी 'स्टॅटिक' लिहून मोकळे होतात. तक्रार थांबते खरी. पण आता साऱ्या गाड्यांत मिळून वजन एकच उरते आणि शेवटच्या गाडीचा आकडा आधीच्या प्रत्येक शेतकऱ्याच्या नावावर दिसू लागतो. आधी 'न्यू' वापरून गाडी निर्माण करावी आणि त्या गाडीचे वजन घ्यावे, हा खरा उपाय. दिवसभरातील गाड्यांची एकूण संख्या मात्र स्टॅटिक असणेच योग्य.

दुसरी त्रुटी अधिक चकवणारी आहे. मेथडमध्ये 'दर' हे व्हेरिएबल जाहीर केले; उतारा १० टक्क्यांहून अधिक असल्यास एक दर, तर १० किंवा त्याहून कमी असल्यास दुसरा, असे दोन स्वतंत्र 'इफ' लिहिले. माणसाला यात काहीच उणे दिसत नाही. तरीही 'दर'ला किंमत मिळालेली नसावी, अशी तक्रार येते. कारण कंपायलर उताऱ्याचे आकडे तपासत नाही, फक्त प्रोग्रॅममधील वाटा तपासतो. आणि दोन्ही 'इफ' वगळून जाणारी एक वाट त्याला दिसते. (अशा विश्लेषणावर मुंबई आयआयटीचे उदय खेडकर व अमिताभ संन्याल आणि बागेश्री करकरे यांचा ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.) दुसऱ्या 'इफ'च्या जागी 'एल्स' लिहिताच ती वाट बंद होते.

सुरुवातीलाच 'दर'ला शून्य देणे हा सोपा, पण धोक्याचा मार्ग. तेच व्हेरिएबल मेथडबाहेर, क्लासमध्ये नेले तर शून्य देण्याचीही गरज उरत नाही. तेथे जावा ते आपणहून भरते. मग एखादी अट लिहायची राहून गेली, तरी कंपायलर काही बोलत नाही आणि शेतकऱ्याच्या बिलावर शून्य रुपये छापून येतात.