निळ्या प्रकाशाची वीण

सोलापूरच्या यंत्रमाग कारखान्यात टांगलेल्या 9 वॉटच्या एलईडी दिव्यात खरा उजेड देणारे तुकडे ज्वारीच्या दाण्याहूनही लहान असतात. त्यातही प्रकाश ज्या थरात जन्मतो, त्याची जाडी अवघी 2-3 नॅनोमीटर, म्हणजे एकावर एक रचलेले दहाएक अणुथर. एवढ्याशा जागेतून जुन्या 60 वॉटच्या बल्बइतका उजेड पडतो!

जुन्या बल्बमध्ये तार तापते आणि बहुतेक वीज उष्णतेत वाया जाते. एलईडीत इलेक्ट्रॉन रिकाम्या जागेत उतरतो आणि त्याची ऊर्जा थेट प्रकाश होऊन बाहेर पडते. उतार किती खोल, त्यावर रंग ठरतो. लाल एलईडी 1962 मध्येच निक होलोन्याक यांनी लावला. निळ्याने मात्र आणखी तीस वर्षं घेतली, आणि निळ्यावाचून पांढरा नाही, कारण घरातल्या पांढऱ्या दिव्यात निळ्या तुकड्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या पुडीचा लेप असतो.

अडचण स्फटिक वाढवण्यात होती. गॅलियम नायट्राइड वाढवायचं ते नीलमाच्या चकतीवर: गॅलियमच्या संयुगाचं बाष्प आणि अमोनिया सुमारे हजार अंश तापमानात सोडायचे, म्हणजे अणू थराथराने बसतात. पण दोन्ही स्फटिकांतल्या अणूंच्या अंतरात सुमारे 16 टक्के तफावत आहे. एका फणीचा ताणा वेगळ्या फणीच्या कापडाला जोडून चादर विणायला घेतली, तर वीण जागोजाग फसणारच. तसाच हा स्फटिकही तडकायचा.

जपानमधल्या नागोया इथे 1986 मध्ये हिरोशी अमानो आणि इसामू अकासाकी यांनी कमी तापमानात आधी अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर दिला. त्यावर काचेसारखा नितळ स्फटिक वाढला! दुसरा अडसर हायड्रोजनचा. इलेक्ट्रॉनसाठी रिकाम्या जागा तयार करायला मिसळलेल्या मॅग्नेशियमला तो चिकटून बसे आणि त्याला निष्प्रभ करी. 1992 मध्ये शुजी नाकामुरा यांनी स्फटिक नुसता तापवून हायड्रोजनला हुसकावलं. 1993 च्या अखेरीस झगझगीत निळा दिवा आला आणि 2014 मध्ये तिघांना नोबेल मिळालं.

थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. या स्फटिकात चौरस सेंटिमीटरला दहा कोटींहून अधिक दोषरेषा असू शकतात. इतर अर्धवाहक एवढ्याने निस्तेज होतात, हा मात्र उजळतो. प्रकाश देणाऱ्या थरात मिसळलेलं इंडियम थोडं असमान पसरतं, त्यामुळे ऊर्जेचे खोलगट तयार होतात; त्यांत इलेक्ट्रॉन दोषरेषेपर्यंत पोहोचण्याआधीच अडकतात आणि प्रकाश देतात, असं मानलं जातं. मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत अर्णब भट्टाचार्य यांच्या प्रयोगशाळेतही नायट्राइडचे असे स्फटिक बाष्पातून थर बसवण्याच्या याच पद्धतीने वाढवले गेले आहेत.

या थरांचा संबंध थेट सोलापूरच्या मातीशी आहे. सोलापूरजवळचं एनटीपीसीचं 1,320 मेगावॉटचं वीज केंद्र कोळशावर आणि उजनी धरणाच्या पाण्यावर चालतं. एक लाख जुन्या 60 वॉटच्या बल्बांच्या जागी 9 वॉटचे दिवे लावले, की ते सगळे पेटलेले असताना 5.1 मेगावॉट वीज वाचते. आणि वाट अजून संपलेली नाही. एलईडीतला विद्युत प्रवाह वाढवला की कार्यक्षमता घसरते, आणि हिरवा एलईडी निळ्याच्या मागेच राहिला आहे. तो त्याच्या बरोबरीला आला, तर लाल, हिरवा, निळा एकत्र करून पिवळ्या पुडीशिवाय पांढरा प्रकाश मिळेल आणि त्या पुडीत वाया जाणारी ऊर्जाही वाचेल. त्यासाठी इंडियम जास्त असलेले निर्दोष थर वाढवता यायला हवेत.