रजिस्टरातले तीन मीटर

कोळशाच्या खाणीतला खांब कुणी बांधत नाही. उभ्या-आडव्या गॅलऱ्या खोदत गेलं की मधे न काढलेल्या कोळशाचे चौकोन उरतात, तेच आमचे पिलर. डोक्यावरचा सगळा डोंगर त्यांनी पेलायचा. म्हणून नव्या इंजिनिअरला वाटतं, पिलरची रुंदी पुस्तकातून काढली की काम संपलं.

पुस्तकातला आकडा आला कुठून, ही मात्र गंमत आहे. 21 जानेवारी 1960 रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या कोलब्रुकच्या खाणीत सुमारे 900 खांब एकापाठोपाठ एक बसले. एक खचला की त्याचं ओझं शेजाऱ्यावर, मग त्याच्या शेजाऱ्यावर. 435 माणसं आत राहिली. वरून भोकं पाडून शोध घेतला, पण कुणाचाच आवाज आला नाही. त्या खाणीत छताला सोडलेला कोळसाही नंतर काढत गेले होते. म्हणजे खांब होते तेवढेच जाड राहिले, पण उंच झाले.

त्यानंतर मिक्लोश सालामोन आणि मन्रो या दोघांनी जे केलं, ते मला फार आवडतं. प्रयोगशाळेतल्या तुकड्यांवर भरवसा ठेवण्याऐवजी त्यांनी खऱ्या खाणींचाच हिशेब मांडला: 125 ठिकाणं, त्यातली 98 उभी, 27 बसलेली. 1967 साली सूत्र छापलं. रुंदीनं ताकद वाढते, उंचीनं घटते. आणि घटण्याचा वेग वाढण्यापेक्षा जास्त. सुरक्षेचा आकडा, म्हणजे ताकद भागिले भार, 1.6 धरला. तो कुठल्या सिद्धांतातून निघाला नव्हता. टिकलेल्या खाणींपैकी निम्म्या 1.3 ते 1.9 च्या मधे गर्दी करून होत्या, त्यांचा मध्य 1.6. खाणवाल्यांची वर्षानुवर्षांची सवयच त्यांनी गणितात बसवली, असं म्हणा! (आपल्याकडचा कोळसा वेगळा, म्हणून धनबादच्या संशोधकांनी वेगळं सूत्र बसवलं, त्यात खोलीही धरली आहे.)

वहीच्या मागच्या पानावर मी एकदा हे करून पाहिलं. खोली 100 मीटर, खांब 12 मीटरचा चौरस, गॅलरी 6 मीटर. डोक्यावर दर चौरस मीटरला सुमारे 250 टन, आणि गॅलऱ्यांवरचं ओझंही खांबालाच, म्हणजे सव्वादोनपट. उंची 3 मीटर असेल तर आकडा 1.94. आता उंची 5 करा, बाजूला हातही लावू नका: 1.39. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

आमच्या वर्धा खोऱ्यातल्या एका जुन्या खदानीत तेव्हा 1957 च्या नियमावलीतला 99 वा नियम चाले. गॅलरी 4.8 मीटरपेक्षा रुंद नको, 3 पेक्षा उंच नको. 90 ते 150 मीटर खोलीवर 4.8 ची गॅलरी असेल तर खांबांच्या मध्यातलं अंतर 25.5. यात कोळशाचा एकतृतीयांशच भाग निघतो, दोन वाटे खांबातच अडकून राहतात. हे पाहून मॅनेजरचा जीव तुटतो, ते मला समजतं.

रुंदी आम्ही टेप लावून मोजत असू. उंचीच्या रकान्यात पानामागून पान '3.0'. मी उंची मोजायचा स्टाफ मागितला तर ओव्हरमन हसला. "उंची कायले मोजता साहेब? तीन लिहून टाका ना."

तरी स्टाफ उभा केला. खाली कोळशाचा भुगा बाजूला सारला, कॅपलॅम्पचा उजेड वर टाकला. 3.4.

ओव्हरमननं काठीनं छत ठोकलं. टणटणीत वाजलं. "वाजते तं बराबर."

"छताचं नाही विचारत मी," म्हटलं, "पिलरचं विचारतोय." काठी पिलरचं काही सांगत नाही, हे त्यालाही माहीत होतं. तो गप्प बसला, त्यानं रजिस्टर काढलं, आणि ते आपल्या खांद्यावर धरून माझ्याकडून 3.4 लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीच्या खिडकीत बाबूनं ते पान उघडून माझ्यापुढे धरलं. "साहेब, टिंबापुढं हा चार चुकून पडला का?"