खुर्ची आणि खोडा

यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ उटी नावाचं गाव आहे. तिथून अमेरिकेत जाऊन स्थिरावलेल्या डॉक्टरांचे चिरंजीव अतुल गावंडे, शल्यविशारद आणि नावाजलेले लेखक. जुलै २०२१ मध्ये अध्यक्ष बायडन यांनी त्यांना ‘यूएसएड’ या अमेरिकी परदेशी मदत संस्थेच्या जागतिक आरोग्य विभागाची धुरा द्यायचं ठरवलं. कोविड जगभर धुमाकूळ घालत होता. तरी सिनेटमध्ये मतदान व्हायला १७ डिसेंबर उजाडला. ४८ विरुद्ध ३१ मतांनी गावंडे पास झाले.

पाच महिने! तरी त्यांचं लवकर निभावलं म्हणायचं.

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदात सांगितलंय की, अध्यक्षांनी नाव सुचवायचं आणि सिनेटच्या ‘सल्ला आणि संमती’नं नेमायचं. अध्यक्षांच्या हातात सुमारे चार हजार राजकीय नेमणुका असतात, त्यातल्या तेराशेच्या आसपास पदांना ही संमती लागते. मंत्री, राजदूत, मोठ्या खात्यांचे उपमंत्री, सगळे त्यात आले. संघराज्याचे न्यायाधीश वेगळेच. अध्यक्षीय निवडणुकीनंतर या राजकीय पदांची यादी प्रसिद्ध होत आली आहे, तिचं लाडकं नाव ‘प्लम बुक’. नाव सुचलं की त्या माणसाची कुंडली निघते. शंभरावर पानांचा फॉर्म, त्यात गेल्या दहा वर्षांतले राहते पत्ते, परदेशी माणसांशी असलेले जवळचे संबंध. मग एफबीआयची चौकशी, मालमत्तेचा तपशील आणि शेवटी सिनेटच्या समितीसमोर, कॅमेऱ्यांच्या साक्षीनं, उलटतपासणी.

एवढं करून नकार मिळतो का? क्वचित. मंत्रिपदासाठी सुचवलेल्या नऊच जणांना सिनेटनं आजवर मतदानानं फेटाळलं. शेवटचे जॉन टॉवर, १९८९ मध्ये. १८४३ मध्ये केलेब कुशिंग यांचं नाव तर एकाच दिवशी तीनदा पाठवलं गेलं आणि तिन्ही वेळा पडलं. पण पहिला फटका खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन यांना बसला. १७८९ मध्ये त्यांनी सव्हाना बंदरातल्या एका पदासाठी बेंजामिन फिशबर्न यांचं नाव पाठवलं. जॉर्जियाचे सिनेटर जेम्स गन यांना ते खपलं नाही, नाव पडलं. वॉशिंग्टननी सिनेटला नाराजीचं पत्र धाडलं, पण सोबत नवं नावही. आपल्या राज्यातल्या नेमणुकीत सिनेटरला दुखवायचं नाही, हा शिरस्ता तेव्हापासूनचा.

खरी ताकद मात्र नकारात नाही, ताटकळत ठेवण्यात आहे. एखादा सिनेटर ‘होल्ड’ लावतो, म्हणजे खोडा घालतो. मग एरवी एकमतानं चुटकीसरशी होणारं काम रीतसर चर्चा-मतदानाच्या रांगेत अडकतं. २०२३ मध्ये अलाबामाचे टॉमी ट्युबरविल यांनी, संरक्षण खात्याच्या गर्भपातविषयक धोरणावर राग धरून, चारशेहून अधिक लष्करी बढत्या महिनोन् महिने अडवल्या. बढती मिळणाऱ्यांचा त्या धोरणाशी काडीचा संबंध नव्हता. आपल्याकडे दिल्लीतही याची झळ पोचली होती. जुलै २०२१ मध्ये राजदूतपदासाठी एरिक गार्सेटी यांचं नाव आलं, सिनेटमध्ये अडलं, त्या काँग्रेसची (अमेरिकी संसदेची) मुदत संपल्यावर परत गेलं, पुन्हा आलं. १५ मार्च २०२३ ला ५२ विरुद्ध ४२ असं मंजूर झालं. तोवर दोन वर्षांहून अधिक काळ चाणक्यपुरीत कायम राजदूतच नव्हता.

सिनेट सुट्टीवर गेल्यावर अध्यक्षांनी परस्पर नेमणूक करायची वाट घटनेतच आहे. सिनेटनं तीही बुजवली. सुट्टीत दर तीन दिवसांनी एकच सिनेटर रिकाम्या सभागृहात येतो, हातोडी वाजवतो, बैठक सुरू झाल्याचं जाहीर करतो आणि मिनिटभरात तहकूब करतो. झाली बैठक! अशा बैठका सुरू असताना सुट्टी मानता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानंही २०१४ मध्ये सांगितलं.

सप्टेंबर २०२५ मध्ये रिपब्लिकन बहुमतानं नियमच बदलला आणि ४८ नावं एका मतदानात मंजूर केली. गठ्ठ्यानं.

गावंडे यांनी २० जानेवारी २०२५ ला, अध्यक्ष बदलले त्या दिवशी, खुर्ची सोडली. काही महिन्यांत ‘यूएसएड’ही गुंडाळली गेली. नेमायला सिनेट लागते. अध्यक्षांनी आपल्या अधिकाऱ्याला घरी पाठवायला सहसा लागत नाही.