सदुसष्ट अक्षरांत खैरियत

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. दिवेआगर, श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडपासून थेट दापोली-मंडणगडपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले. वीज गेली आणि तिच्या मागोमाग मोबाइलही गेले. कोकणातल्या आपल्या घरांचा एक पाय गावात आणि दुसरा मुंबईत नाहीतर आखातात. त्या दिवसांत कुवेत-दुबईहून मुले गावातला एकेक नंबर लावत होती आणि पलीकडून तोच ठरावीक आवाज येत होता. टाळेबंदीमुळे कुणाला उठून गावी जाताही येत नव्हते. आमच्या ओळखीतल्या एका मुलाला अम्मी-अब्बा सुखरूप असल्याचे चौथ्या दिवशी कळले, तेही मोटरसायकलवरून माणगावपर्यंत आलेल्या एका शेजाऱ्याकडून.

त्याला काय हवे होते? फोटो नको, व्हिडिओ नको. एक ओळ हवी होती.

मोबाइलचा टॉवर उभा राहिला तरी त्याला वीज लागते. बॅटरी काही तास टिकते, जनरेटरचे डिझेल संपते, जमिनीतली केबल तुटते. हजारो घरांची बातचीत अशा एकाच धाग्यावर लटकलेली असते. टॉवर, केबल आणि कंपनी यांपैकी काहीही नसताना लिहिलेला संदेश एका गावाहून दुसऱ्या गावी जाऊ शकतो का? जाऊ शकतो. जगभरातले हौशी रेडिओवाले गेली चाळीसहून अधिक वर्षे हेच करत आले आहेत. या पद्धतीला पॅकेट रेडिओ म्हणतात.

हौशी रेडिओवाल्यांना 'हॅम' म्हणायची पद्धत आहे. परीक्षा देऊन सरकारचा परवाना घ्यायचा, स्वतःचे सांकेतिक नाव मिळवायचे आणि ठरवून दिलेल्या लहरींवर एकमेकांशी बोलायचे, असा हा छंद. यात धंदा करता येत नाही. आपल्याकडच्या हॅमचे सांकेतिक नाव बहुधा 'व्ही-यू-टू' किंवा 'व्ही-यू-थ्री'ने सुरू होते. राजीव गांधी हेही परवानाधारक हॅम होते. बहुतेक हॅम तोंडाने बोलतात, काही जण मोर्सच्या कड-कट्टवर बोलतात. पॅकेटवाले टाइप करतात.

टाइप केलेले अक्षर रेडिओवरून कसे जाते? संगणकाला फक्त शून्य आणि एक कळते. रेडिओ आवाज वाहून नेतो. मधल्या एका छोट्या पेटीत या दोघांचा दुभाषा बसवलेला असतो. तो शून्य-एकचे दोन सूर करतो, एक १२०० कंपनांचा आणि दुसरा २२०० कंपनांचा. सूर इतक्या वेगाने बदलतात की कानाला फक्त सेकंदभराची घरघर ऐकू येते. सेकंदाला १२०० शून्य-एक, म्हणजे साधारण दीडशे अक्षरे. आजच्या मोबाइलपुढे ही गोगलगाय झाली. पण 'आम्ही ठीक आहोत' सांगायला गोगलगायही सेकंदातच पोचते.

पुढचा भाग मी आठवीच्या वर्गात चिठ्ठ्यांनी शिकवते. प्रत्येक चिठ्ठीवर वर चार गोष्टी लिहायच्या: कुणाला, कुणाकडून, कुणामार्फत आणि मजकुरात एकूण अक्षरे किती. चिठ्ठी पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकापर्यंत हातोहात जाते. शेवटचा मुलगा अक्षरे मोजतो. मेळ बसला तर हात वर करतो, नाही बसला तर गप्प राहतो. ठरलेल्या वेळात हात वर झाला नाही की पहिला मुलगा तीच चिठ्ठी पुन्हा पाठवतो. पॅकेट म्हणजे ही चिठ्ठी. खऱ्या पॅकेटमधला हिशेब नुसत्या मोजणीपेक्षा चतुर असतो. एक अक्षर जरी वाटेत बदलले तरी ते पकडले जाते आणि पॅकेट फेकून दिले जाते. चुकीचा निरोप पोचवण्यापेक्षा निरोप न पोचवलेला बरा, असा हा शिरस्ता आहे. तो माणसांनाही लागू केला असता तर मुहल्ल्यातली निम्मी भांडणे मिटली असती!

मधल्या बाकांवरची मुले महत्त्वाची. ती चिठ्ठी उघडून खुसपटे काढत नाहीत, पुढे सरकवतात. हॅमच्या जगात हे काम टेकडीवर किंवा उंच गच्चीवर ठेवलेले पुनःप्रसारक यंत्र करते. या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगराआड पोचत नाहीत. कोकणासारख्या खाड्या-डोंगरांच्या मुलखात दोन गावे नकाशावर बोटभर अंतरावर असतात आणि रेडिओला एकमेकांपासून लपलेली असतात. मधल्या उंचावर कुणीतरी आपले यंत्र, आपली बॅटरी, आपले सौर पॅनेल लावून ठेवले असेल तरच चिठ्ठी डोंगर ओलांडते. ते यंत्र कुणा कंपनीचे नसते, त्याचे भाडे नसते. कुणीतरी हौसेने ते लावतो आणि जपतो. या जाळ्याची ताकद तीच आणि कमजोरीही तीच, कारण लावणारा कुणी नसेल तर जाळेही नाही.

वर्गात मुले एक प्रश्न हमखास विचारतात, "टीचर, दोघांनी एकदम चिठ्ठी सोडली तर?" हाच प्रश्न हवाई बेटांवरच्या विद्यापीठाला पडला होता. बेटे विखुरलेली, मध्ये समुद्र, आणि सगळ्यांना एकाच संगणकाशी जोडायचे. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये ते रेडिओने जोडून दाखवले. उत्तर फार साधे होते. दोन पॅकेटे आदळली तर दोघांनी आपापल्या मनाने थोडे थांबायचे, कुणी जास्त, कुणी कमी, आणि मग पुन्हा पाठवायचे. या जाळ्याचे नाव होते 'अलोहानेट'. अलोहा हा तिथला सलाम! कार्यालयांतल्या संगणकांना जोडणाऱ्या इथरनेटचा विचारही पुढे यातूनच सुचला.

हौशी लोकांत पहिले पाऊल कॅनडाच्या मॉन्ट्रियलमधल्या हॅमनी १९७८ मध्ये टाकले. मग व्हँकुव्हरवाल्यांनी दुभाष्या पेटीचे सर्किट तयार केले. अमेरिकेत १९८० मध्ये परवानगी मिळाली आणि अ‍ॅरिझोनातल्या टुसॉन शहराच्या एका हौशी गटाने ती पेटी घरी जोडता येईल अशा सुट्या भागांत उपलब्ध करून दिली. १९८४ मध्ये सगळ्यांसाठी एक नियमावली छापली गेली. ती थोड्याफार फरकाने आजही चालते. त्यानंतर टपालपेट्या आल्या. एखाद्या हॅमच्या घरचा संगणक रात्रंदिवस सुरू, त्यात इतरांची पत्रे साठलेली, आणि तो ती पुढच्या गावच्या संगणकाकडे ढकलतो. घरोघरी ईमेल पोचण्याआधी हे लोक रेडिओवरून एकमेकांना पत्रे पाठवत होते.

आता कुणी म्हणेल, आपत्तीत तोंडाने बोलणे जास्त सोपे नाही का? बऱ्याचदा आहे. २६ डिसेंबर २००४ ची सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद या हॅम पोर्ट ब्लेअरमध्ये होत्या. अंदमानातून हौशी रेडिओ चालवण्याची परवानगी मिळवून त्या आणि त्यांचे सहकारी तिथे गेले होते. भूकंपाने इमारत हलली, फोन बंद पडले, आणि छंदासाठी मांडलेला रेडिओ अंदमानातल्या माणसांची खबर मुख्य भूमीवर पोचवू लागला. ते काम आवाजाने झाले. रेडिओवरचा माणसाचा आवाज दुसऱ्याला धीरही देतो, ते काम यंत्राच्या घरघरीला जमणार नाही.

पण नावांची यादी आली की आवाज अडखळतो. हे आपल्या घरांना तरी समजावून सांगायला नको. शेख की शैख, मोहम्मद की मुहम्मद, सय्यद की सैयद. आधारवर एक स्पेलिंग, रेशनकार्डावर दुसरे, पासपोर्टवर तिसरे. शाळेच्या दाखल्यावरचे एक अक्षर दुरुस्त करण्यासाठी पालक किती चकरा मारतात, ते मी दर जूनमध्ये पाहते. आता विचार करा, छावणीत दोनशे माणसांची नावे आहेत, बाहेर वारा घोंघावतो आहे, रेडिओत खरखर आहे, आणि कुणीतरी एकेक नाव अक्षर सुटे करून सांगतो आहे. ऐकणारा लिहून घेतो ते त्याला जसे समजले तसे. त्या यादीत 'फातिमा बी' गावात चार निघतात. पॅकेटमध्ये यादी जशी टाइप केली तशीच उतरते, अक्षराला अक्षर. औषधांच्या नावांचे आणि मात्रांचेही तसेच. म्हणून मला वाटते, धीर द्यायला आवाज हवा आणि यादीला मजकूर हवा.

बॉब ब्रुनिंगा हे नाव इथे घेतलेच पाहिजे. हे अमेरिकेच्या नौदल अकादमीतले अभियंता. १९८४ मध्ये शंभर मैलांच्या घोड्यांच्या शर्यतीत कोणता घोडा कुठे पोचला याची खबर त्यांनी त्या काळच्या स्वस्त घरगुती संगणकांवरून पॅकेटने पाठवली. त्या खटपटीतून पुढे 'एपीआरएस' ही पद्धत उभी राहिली. तिच्यात प्रत्येक जण थोड्या थोड्या वेळाने 'मी कोण, कुठे' एवढे आजूबाजूला सगळ्यांना सांगतो आणि कुणालाही छोटा संदेश लिहू शकतो. संदेशाला जागा ६७ अक्षरांची. समोरून पोच आली नाही तर यंत्र तो पुन्हा पाठवते. लोक ही पद्धत गाड्यांचा माग काढायला वापरू लागले तेव्हा ब्रुनिंगा वैतागत. त्यांचे म्हणणे असे की ही माणसांनी एकमेकांना खबर देण्याची सोय आहे. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले.

या ६७ अक्षरांत आपल्या लिपी बसतात का? ही सगळी व्यवस्था इंग्रजी अक्षरांसाठी बांधलेली. संगणकाच्या हिशेबात इंग्रजी अक्षराला एक घर लागते, उर्दू लिपीतल्या अक्षराला दोन आणि देवनागरीतल्या अक्षराला तीन, शिवाय प्रत्येक काना-मात्रेला आणखी तीन. 'मी सुखरूप आहे' हे वाक्य रोमन लिपीत १४ घरांत मावते, देवनागरीत त्याला ३५ लागतात. 'मैं खैरियत से हूँ' उर्दू लिपीत २९ घेते. त्यातून हातातल्या बऱ्याच रेडिओंच्या पडद्यावर आपली अक्षरे उमटतच नाहीत. त्यामुळे आपले हॅम मराठी असो की उर्दू, रोमन अक्षरांतच लिहितात. दोन लिपींवर जीव असलेल्या शिक्षिकेला हे टोचते. पण पुराच्या रात्री मी कोणत्याही लिपीत लिहीन.

आणखी एक गोष्ट घरात आधीच बोलून ठेवावी. हा संदेश म्हणजे बंद लिफाफा नव्हे, पोस्टकार्ड आहे. हौशी रेडिओवर अर्थ लपवणारी सांकेतिक भाषा चालत नाही. लहरी पकडणारा कुणीही तो वाचू शकतो. घरात तरुण मुली एकट्या आहेत, दागिने अमुक ठिकाणी आहेत, कुणाला कोणता आजार आहे, असे काही त्यावर जाता कामा नये. नाव, गाव, खैरियत, बस्स. बाहेरचा नातेवाईक हॅम नसेल तर त्याच्यापर्यंत निरोप पोचवायला 'विनलिंक' नावाची व्यवस्था आहे. ती आपल्या नेहमीच्या ईमेलचा मजकूर रेडिओवरून उचलते आणि जिथे इंटरनेट जिवंत आहे अशा पहिल्या ठाण्यावर सोडते. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर अमेरिकेत ती मदतकार्यात वापरली गेली.

मुलांना या विषयाची ओढ लावायची असेल तर आकाशाकडे बोट दाखवा. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर पॅकेट पुढे ढकलणारे यंत्र आहे, १४५.८२५ मेगाहर्ट्झवर. जमिनीपासून सुमारे चारशे किलोमीटरवर फिरणारी ही सगळ्यात उंच गच्चीच म्हणा. ते यंत्र सुरू असेल तर स्थानक डोक्यावरून जाताना जेमतेम दहा मिनिटे मिळतात. तेवढ्या वेळात खाली एका शहरातून निघालेली ओळ वरून उसळून शेकडो किलोमीटरवरच्या दुसऱ्या शहरात उतरते. बीजगणिताला कंटाळलेली मुलेसुद्धा त्या दहा मिनिटांचा हिशेब मात्र चोख करतात.

परवान्याची परीक्षा केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागामार्फत होते. थोडे विजेचे आणि रेडिओचे ज्ञान, थोडे नियम. बारा वर्षे पूर्ण झालेली मुलेही बसू शकतात. मोर्स येत नसेल त्यांच्यासाठी प्रतिबंधित श्रेणीचा परवाना आहे. परवाना हातात येण्यापूर्वी ऑनलाइन स्वस्तात मिळणारा वॉकीटॉकी मागवू नका. बिनपरवाना प्रक्षेपण हा गुन्हा आहे आणि 'मदतीसाठी घेतला होता' हे कारण चालत नाही. दुभाष्या पेटीची मात्र आता गरज उरलेली नाही. 'डायरवुल्फ' नावाची मोफत प्रणाली साध्या संगणकाच्या साउंडकार्डवर तेच काम करते. जुना अँड्रॉइड फोनही 'एपीआरएसड्रॉइड' या अ‍ॅपने रेडिओला जोडता येतो. यासाठी त्या फोनमध्ये सिमकार्ड नसले तरी चालते.