विस्थापितांना रोख साहाय्य

धरण, पूर, भूकंप, दुष्काळ किंवा युद्ध यांमुळे घर अथवा उपजीविकेचे साधन गमावलेल्या कुटुंबांना धान्य, वस्त्रे, भांडी इ. वस्तूंऐवजी किंवा त्यांच्या जोडीने पैसे देण्याची पद्धत. भूसंपादनाचा मोबदला आणि रोख साहाय्य यांत तत्त्वतः भेद आहे. मोबदला ही घेतलेल्या मालमत्तेची किंमत असते व ती मुख्यत्वे मालकास मिळते. साहाय्य गरजेवर आधारलेले असते व त्यासाठी मालकीची अट नसते. विस्थापित कुटुंबाच्या हाती मात्र दोन्ही पैशांच्याच रूपाने येतात. त्यांची उपयुक्तता एका प्रश्नावर अवलंबून असते : जे गेले, ते त्या पैशात त्या वेळी बाजारात मिळते काय?

यवतमाळ जिल्ह्यातील पुसद परिसरावरून हा प्रश्न स्पष्ट होतो. येथे पूस नदीवर ऊर्ध्व पूस (१९७१) आणि पैनगंगेवर इसापूर येथे ऊर्ध्व पैनगंगा (१९८२ च्या सुमारास) ही मातीची धरणे झाली. इसापूर धरणाच्या पाण्याचा लाभ हिंगोली, नांदेड व यवतमाळ या जिल्ह्यांतील क्षेत्रास मिळतो. त्यासाठी जमिनी मात्र जलाशयाकाठच्या गावांना द्याव्या लागल्या. त्या काळी लागू असलेल्या १८९४ च्या भूमिसंपादन अधिनियमानुसार जमिनीची किंमत प्राथमिक अधिसूचनेच्या दिनांकास असलेल्या बाजारभावावरून ठरे. या पद्धतीत अधिसूचना व प्रत्यक्ष रक्कम मिळणे यांत काळ लोटला की, जमिनीचे भाव पुढे निघून जात. शिवाय अनेक कुटुंबे एकाच वेळी जमीन शोधू लागल्याने ते अधिकच चढत. घर, वस्त्रे किंवा बैलजोडी पैशाने मिळू शकते. तेवढीच व तशीच शेतजमीन मिळेल याची शाश्वती नसते. जुनी देणी, घरबांधणी व लग्नकार्य यांत रक्कम सरून गेल्यावर शेतकरी शेतमजूर बनतो. बंजारा तांडे व आंध आदिवासींच्या वस्त्या असलेल्या या प्रदेशात सातबारा उतारा नसलेल्या कुटुंबांचा प्रश्न याहून बिकट असतो. कारण जे नावावर नाही, त्याचा मोबदलाही नसतो.

महाराष्ट्र राज्याने १९७६ मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा केला. पुढे १९८६ व १९९९ मध्ये नवे अधिनियम झाले. धरणाच्या लाभक्षेत्रातील जमीन विस्थापितांना द्यावी, हे त्यांमागील सूत्र होय. १९९९ च्या अधिनियमानुसार पर्यायी जमिनीसाठी मोबदल्याच्या ६५ टक्के रक्कम भरावी लागते. त्यामुळे मिळालेले पैसे आधीच खर्च झालेले कुटुंब जमिनीच्या हक्कालाही मुकण्याची शक्यता असते.

घरांच्या बाबतीत रोख साहाय्य अधिक परिणामकारक ठरते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपानंतर लातूर व उस्मानाबाद (विद्यमान धाराशिव) जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. कमी हानी झालेल्या गावांत मात्र घरमालकांना हप्त्याहप्त्याने अनुदान व तांत्रिक मार्गदर्शन देऊन दुरुस्ती व बांधकाम त्यांच्याकडूनच करविण्यात आले. येथे विटा, सिमेंट, लोखंड व गवंडी ही बाजारात मिळणारी साधने होती.

रोख साहाय्याचा आणखी एक प्रकार म्हणजे कामाच्या मोबदल्यात मजुरी. पुसद तालुक्यातील गहुली हे जन्मगाव असलेले वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना (१९६३–७५) १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजनेचा विस्तार झाला. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. गावातच मजुरी मिळाल्याने स्थलांतरास आळा बसतो.

या क्षेत्रातील कार्यकर्त्याचे काम पैसे वाटण्यापुरते मर्यादित नसते. प्रथम जवळच्या बाजारात धान्य व इतर माल पुरेसा आहे काय, हे पाहावे लागते. माल नसताना पैसा ओतल्यास केवळ भाव वाढतात. त्यानंतर कुटुंबांची नोंदणी, रकमेची निश्चिती, बँक किंवा टपाल खात्यांद्वारे वाटप, भावांवर लक्ष आणि तक्रारींचे निवारण ही कामे येतात. यादी केवळ महसुली दप्तरावरून केल्यास भूमिहीन, कूळ, परित्यक्ता व विधवा वगळल्या जाण्याचा धोका असतो. म्हणून ती गावात जाहीरपणे वाचून पडताळणे इष्ट असते. पैसे कोणाच्या खात्यात जातात, यावर ते कुटुंबासाठी खर्च होतील की नाही, हे बऱ्याच अंशी ठरते.

१ जानेवारी २०१४ पासून अंमलात आलेल्या केंद्रीय भूसंपादन कायद्याने (२०१३) मोबदला आणि साहाय्य एकत्र आणले. ठरावीक काळ तेथे राहणाऱ्या भूमिहीन मजुरांनाही त्याने बाधित मानले आणि विधवा, घटस्फोटित व परित्यक्ता स्त्रियांना स्वतंत्र कुटुंब गणले. विस्थापित कुटुंबास एक वर्षपर्यंत दरमहा ३,००० रुपये निर्वाह भत्ता, वाहतुकीसाठी ५०,००० रुपये व तेवढाच एकरकमी पुनर्वसाहत भत्ता यांची त्यात तरतूद आहे.

जागतिक पातळीवर २०१६ च्या इस्तंबूल येथील मानवतावादी शिखर परिषदेत दात्या देशांनी व संस्थांनी रोख साहाय्याचे प्रमाण वाढविण्याचे मान्य केले. त्याच वर्षी तुर्कस्तानात सिरियन निर्वासितांना कार्डाद्वारे दरमहा रक्कम देणारी मोठी योजना सुरू झाली. कोणत्या वस्तूची निकड आहे, हे कुटुंब स्वतः ठरवू शकते, हा या पद्धतीचा मोठा गुण होय. तथापि शेतजमीन, पाणी, गायरान व शेजार यांची उणीव पैशाने भरून निघत नाही. म्हणून कायमच्या विस्थापनात रोख साहाय्य हे पुनर्वसनास पूरक ठरते. त्याची जागा ते घेऊ शकत नाही.