परतीच्या वाटेवरची शिदोरी

नोव्हेंबरात करमळीच्या तळ्यावर बदकांचे थवे उतरले की त्यांचे कौतुक होते. मार्च-एप्रिलमध्ये हेच पाहुणे उत्तरेकडे परततात, तेव्हा त्यांना निरोप द्यायला सहसा कोणी नसते. तळे ओस दिसू लागते आणि ‘पक्षी कमी झाले’ अशी हळहळ व्यक्त होते. वास्तविक या पक्ष्यांच्या वर्षातील हा सर्वांत निर्णायक काळ असतो.

गोवा मध्य आशियाई उड्डाणमार्गावर येतो. येथे हिवाळा काढणारी तलवार बदके, भुवई बदके आणि थापट्या बदके विणीसाठी थेट मध्य आशिया व सायबेरियापर्यंत जातात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1960च्या दशकात भरतपूर येथे पायात कडी अडकवून सोडलेली बदके पुढे तत्कालीन सोव्हिएत संघात सापडली आणि या प्रवासाचा पुरावा हाती आला.

परतण्याची वेळ प्रामुख्याने वाढत्या दिवसामानावरून ठरते. दिवस मोठा होऊ लागला की पक्ष्यांच्या शरीरातील संप्रेरके बदलतात, भूक वाढते आणि त्वचेखाली चरबी साठू लागते. हीच त्यांची शिदोरी. काही लहान पाणथळ पक्ष्यांचे वजन या दिवसांत दीडपटीपर्यंत वाढते. पिसाराही पालटतो, हिवाळ्यात फिकट दिसणाऱ्या सोनचिखल्याचे पोट एप्रिलमध्ये काळे होऊ लागते.

ही शिदोरी चिखलात मिळते. पाणी हळूहळू ओसरले की काठाचा ओला गाळ उघडा पडतो आणि त्यातील किडे, अळ्या, गोगलगायी चोचीच्या टप्प्यात येतात. साळावली, अंजुणे यांसारखी खोल धरणे चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना तितकी उपयोगी पडत नाहीत. उथळ तळी, चोडणचे खारफुटीकाठ आणि खाजन शेती हीच त्यांची खरी अन्नछत्रे होत.

म्हणूनच मानशीची दारे कधी व किती उघडली जातात, याला महत्त्व आहे. कुडचडे येथील सुमारे 42 हेक्टरांचे नंदा तळे 2022 मध्ये गोव्यातील पहिले रामसर स्थळ ठरले. नदीचा प्रवाह मंदावतो, तेव्हा येथे अडवलेले पाणी लगतच्या भातशेतीला मिळते. पाणी बेताबेताने सोडले तर शेतकरी आणि पक्षी दोघांचेही भागते. ते एकदम उपसले तर चिखल आठवड्याभरात भेगाळतो; तळे वर्षभर तुडुंब ठेवले तर चिखल उघडाच पडत नाही. रामसरचा दर्जा मोलाचा खरा. परंतु पाण्याची पातळी फलक लावून राखली जात नाही.

निरीक्षकांनाही येथे वाव आहे. पहिला पक्षी कधी आला याची नोंद अनेक जण ठेवतात. शेवटचा कधी गेला, हे मात्र क्वचितच लिहिले जाते. त्यासाठी पक्षी दिसेनासे झाल्यावरही तळ्यावर जात राहावे लागते. ‘आज एकही दिसला नाही’ हीदेखील नोंदच होय. अशा तारखा वर्षानुवर्षे जमल्या, तरच प्रस्थानाचे वेळापत्रक बदलते आहे का, हे सांगता येईल.

छायाचित्रासाठी थव्याजवळ जाण्याचा मोह मात्र आवरावा. विनाकारण घ्यावी लागलेली प्रत्येक भरारी त्या शिदोरीतूनच खर्ची पडते. आणि पुढचा पल्ला हजारो किलोमीटरांचा असतो.